तंजावूरच्या मैदानात यजमानांची रस्सी

तंजावूरला आठवडाभर राहूनही मी मोठं देऊळ फक्त लांबून पाहिलं, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून जो तो तेच विचारतोय आणि मी "पाहिलं की" म्हणून वेळ मारून नेतेय. मैदानाच्या एका टोकाला उभं राहिलं की नारळाच्या झाडांवरून त्याचं शिखर दिसायचं. सकाळच्या सरावाला तोंड तिकडे असायचं आणि संध्याकाळच्या सरावाला पाठ. बाकी माझे डोळे सगळा वेळ एका दोरावर खिळलेले होते.

झालं असं की पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूंसाठी म्हणून काही आशियाई देश मिळून क्रीडास्पर्धा भरवतात. धावणं, गोळाफेक, पोहणं, कबड्डी, कॅरम, सगळं असतं. यंदा यजमान आपण होतो आणि जागा होती तंजावूर. मी इचलकरंजीतल्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई म्हणून जन्म घालवला, रस्सीखेचीचे संघ तयार करण्यात माझं जरा नाव आहे. त्यामुळे एक दिवस आयोजकांचा फोन आला. यजमान देशाचं नाव प्रत्येक खेळात लागायलाच हवं, पण बायकांच्या रस्सीखेचीत आपला संघच नव्हता, म्हणून घाईघाईनं आठ जणी गोळा केल्या होत्या. "कोच म्हणून तुम्ही या. जिंकायचं टेन्शन घेऊ नका मॅडम, नुसतं हजर राहायचं."

नुसतं हजर राहायचं! माझं डोकं असं सणकलं म्हणता, की दुखरा गुडघा विसरून मी त्याच तिरीमिरीत तिकीट काढलं.

पहिली सकाळ

तंजावूर स्टेशनवर उतरल्यावर पहिली गोष्ट भेटते ती कॉफी. पितळी पेला, खाली पितळी वाटी, एकातून दुसऱ्यात ओतत थंड करायची. मी पहिल्याच खेपेला अर्धी पदरावर ओतून घेतली. रिक्षावाल्यानं न विचारता पाण्याची बाटली पुढे केली आणि हसला मात्र नाही, म्हणून मला तो आवडला.

मैदानावर आठ जणी ओळीनं उभ्या होत्या. दोघी हरियाणाच्या, खांद्यांनी दार अडेल अशा. एक मिझोरमची, बुटकी आणि घट्ट. उरलेल्या पाच जणी तंजावूर नि आसपासच्या. त्यांत ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत काम करणारी सेल्वी दोराच्या अगदी पुढे उभी राहायची आणि सगळ्यांत मागे, दोर अंगाभोवती घेऊन, कॅप्टन अंबुजाक्का. बँकेतून निवृत्त झालेली, रुंद पावलांची, शांत चेहऱ्याची बाई. मी घाम पुसत स्वतःशीच पुटपुटले, "काय मेलं ऊन हे!"

"टीचर, ऊन नव्हे हें," मागून अंबुजाक्का म्हणाली. "आत्तां तर कोंवळी सकाळ आहे. ऊन पुढें येतें."

मी चक्क दचकले. मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेल्या घराण्यांतली ती निघाली. तिच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि शब्द माझ्या पणजीच्या तोंडी शोभावेत असे. मी हॉटेलात उतरणार म्हटल्यावर तिनं माझी बॅगच उचलली.

"आमचें घर असतांना हॉटेलांत काय म्हणून राहतां? सरी, चला."

तंजावुरात 'सरी' म्हटलं की विषय संपतो. मी गेले.

डांगर आणि फुलं

अंबुजाक्काच्या घरी तिचे यजमान पांडुरंगराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, किडकिडीत, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल. त्याला तिकडे तुंडू म्हणतात. माझ्या पिशवीतलं मराठी वर्तमानपत्र त्यांनी हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "बोलतों, पण वाचूं येत नाहीं. अक्षर तमिळच शिकलों." मुलं चेन्नईला, फोनवर आईचं मराठी ऐकतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात. आमच्याकडे तरी काय, नातवंडं आजीला इंग्रजीत उत्तर देतात.

पहिल्याच जेवणात पानात डांगर आलं. डांगर माझ्या माहेरचं, त्यात कांदा हवाच. इथं दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ, वर मोहरीची फोडणी, हिंग सणसणीत आणि कांद्याचा पत्ता नाही. मी "कांदा?" म्हटल्यावर दोघं नवराबायको एकमेकांकडे पाहू लागले, जणू मी खिरीत लसूण मागितली. नंतर मी दोनदा वाढून घेतलं, तेव्हा अंबुजाक्कानं तोंड फिरवून हसून घेतलं.

सराव मात्र हसण्यासारखा नव्हता. रस्सीखेच म्हणजे ताकदीचा खेळ असं लोकांना वाटतं. खरं काम आठ जणींनी एका क्षणी मागे रेलण्याचं असतं. इथं आठ जणींच्या आठ तऱ्हा. हरियाणावाल्या झटके द्यायच्या, मिझोरमची शांतपणे बसकण मारायची, तंजावूरच्या पाच जणी चालत सुटायच्या. मी बाजूला उभी राहून मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ओरडायची. माझा आवाज शाळेत तीन वर्गांपलीकडे जायचा म्हणून मी फुशारकी मारायची. इथं तिसऱ्या दिवशी घसा पार बसला आणि दोर होता तिथंच राहिला.

रस्सीखेचीत संघाचं एकूण वजन ठरलेल्या मर्यादेत लागतं. आमचं थोडं जास्त भरलं. वजन करणाऱ्या माणसानं काटा दाखवून मान हलवली. पाच जणींनी एकमेकींकडे पाहिलं, केसांतले गजरे काढून टेबलावर ठेवले. तिकडे मोगरा, अबोली, हिरवा सुगंधी पाला असं सगळं एकत्र गुंफलेला जाड गजरा असतो, त्याला कदंबम म्हणतात. टेबल भरून गेलं. मग बांगड्या उतरल्या, हरियाणावालीनं चांदीचं कडं काढलं आणि काटा मर्यादेत आला. बाहेर पडताक्षणी फुलं पुन्हा डोक्यावर. गजऱ्याशिवाय मैदानात उतरायला एकही तयार नव्हती.

टॉवेल

बाकी खेळांत यजमानांनी धमाल उडवून दिली होती. पोहण्यात पदकं, थाळीफेकीत पदकं, कबड्डीत तर आपल्या पुरुषांनी नि बायकांनी समोरच्यांना श्वास घेऊ दिला नाही. मांडवात सारखं राष्ट्रगीत वाजायचं. पायऱ्यांवर बसलेली माणसं टाळ्या वाजवून दमली होती. अशात साखळी फेरीतला आमचा पहिला सामना श्रीलंकेशी आला.

श्रीलंकेच्या बायका शिस्तीच्या. एक रंग, एक चाल. पण आमच्या आठ जणी कशा कोण जाणे त्या दिवशी जमून आल्या. पहिली ओढ आम्ही घेतली. दुसरी गेली. तिसरीत श्रीलंकेचा दोर इंचाइंचानं आमच्याकडे येऊ लागला, लोक उभे राहिले, मी ओरडतेय हे मलाच ऐकू येईना. आणि अगदी त्या घटकेला आमच्या तंजावूरच्या पाच जणींनी दोर सैल सोडला.

सोडला म्हणजे अक्षरशः हात ढिले करून उभ्या राहिल्या. हरियाणावाल्या तोंडावर आपटल्या. मिझोरमची बिचारी बसल्या जागी फरपटत रेषेपार गेली. पंचांनी शिट्टी दिली. सामना गेला.

मी वळून पाहिलं. पायऱ्यांवर पांडुरंगराव बाकावर चढून उभे होते आणि आनंदाच्या भरात खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून गरागरा फिरवत होते. बायकोशी नजरानजर झाली, तसा टॉवेल हवेतच थांबला. आमच्या पाच जणी मान खाली घालून उभ्या होत्या, आणि आसपासच्या गावांतून आलेली सगळी प्रजा एकदम हसायला लागली. त्यांना जे कळलं ते मला कळत नव्हतं.

संध्याकाळी आयोजकांपैकी एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. "मॅडम, बाकी सगळीकडे यजमान देश जोरात आहे. समारोपाला मोठी माणसं येणार. उद्यापासून तुमच्या टीमला दुखापत झाली असं लिहूया का? कुणाला वाईट दिसायला नको."

माझ्या आधी अंबुजाक्का बोलली. तमिळमध्ये बोलली, थोडंच बोलली, पण त्या गृहस्थांच्या बोटांत गळ्यातलं ओळखपत्र सारखं फिरायला लागलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, हरलों तें सोसतें. आमच्याच ऊरांत, म्हणजे गांवांत, आमचीं माणसें हांसतांना पळून जायचें, तें सोसत नाहीं. उद्यां ओढतों आम्ही."

मी म्हटलं, "उद्याचे सामने होऊ द्या. हरलो तर परवा आम्हीच लिहून देतो." त्या गृहस्थांनी मान हलवली.

कुलूपबंद रथ

दुसऱ्या दिवशी पहाटे अंबुजाक्काच्या स्कूटीवर मागे बसून निघाले, तर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातले चार म्हातारे उभे राहिले आणि त्यांनी आपापले टॉवेल डोक्यावरून फिरवले. अंबुजाक्कानं स्कूटी थांबवली नाही, पण तिची मान ताठ झालेली मला मागून दिसली. नवऱ्याशी तर ती आदल्या संध्याकाळपासून एक शब्द बोललेली नव्हती. सकाळची कॉफी पांडुरंगरावांनी स्वतः करून मला आणून दिली होती आणि तिच्या पेल्याकडे भीत भीत पाहत ओट्यावर जाऊन बसले होते.

"अक्का," मी शेवटी विचारलं, "त्या टॉवेलात आहे तरी काय?"

तिनं स्कूटी वळवली. रुंद रस्त्याच्या कडेला पत्र्याची उंच, अरुंद खोली होती. पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं तर लाकडी रथ. चाकं माझ्या डोक्यापर्यंत उंच. तिकडे रथाला तेर म्हणतात. वर्षातून एकदा देव त्यात बसून मोठ्या रस्त्यांवरून फिरतो आणि सगळं गाव त्याचे दोर ओढतं, बायकांचा दोर वेगळा.

"लहानपणापासून ओढतों आम्ही," अंबुजाक्का म्हणाली. "ढोल, नागस्वर, माणसांचा कल्लोळ, कांहीं ऐकूं येत नाहीं. मग तेरावर एक माणूस उभा असतो. तुंडू फिरविला कीं थांबायचें. वाटेवर इतकीं देवळें आहेत, दर देवळापाशीं आरती. त्या क्षणीं न थांबलें तर चाकाखालीं माणूस येतें. तुंडू दिसला कीं हात आपोआप सुटतात, टीचर. डोकें विचारीत नाहीं."

मी फटीतून त्या चाकाकडे पाहत राहिले. पाच जणींचं हसं झालं ते त्यांच्या अंगात मुरलेल्या सवयीपायी, आणि ती सवय माझ्या तीन भाषांतल्या ओरडण्यापेक्षा हजार पटींनी पक्की होती.

"थांबायची खूण कळली," मी म्हटलं. "ओढायची कुठली?"

"तुंडू दोन्ही हातांनीं सरळ वर धरायचा. धरलेला आहे तोंवर ओढीत राहायचें. झटका नाहीं. तेर झटक्यानें हालत नाहीं. अंग टाकून चालायचें."

मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मला इतकं हसू आलं की गुडघा धरून पत्र्याला टेकावं लागलं. इतके दिवस घसा फोडला मी!

घरी परत येऊन मी पांडुरंगरावांपुढे हात पसरला. "टॉवेल द्या."

त्यांना वाटलं मी जप्त करायला आले. घडी घालून, दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी तो दिला. "माझेंच चुकलें. मी मैदानाला येत नाहीं आतां."

"यायचं," मी म्हटलं. "पण हात मांडीखाली घालून बसायचं."

स्वयंपाकघरातून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. "इडली खाऊन बेगीन निघा म्हणावें त्यांना," अंबुजाक्का आतून मला म्हणाली. आदल्या संध्याकाळनंतर नवऱ्यासाठी पहिलंच वाक्य होतं ते. पांडुरंगरावांनी चार इडल्या जास्त खाल्ल्या.

चालता चालता ओढणं

सकाळी एका तासात हरियाणाच्या दोघींना आणि मिझोरमच्या तिला तेर ओढायला शिकवलं. शिकवलं सेल्वीनं. तिनं दोर एका नारळाच्या झाडाला बांधला आणि अंग मागे टाकून कसं रेलायचं, टाच कशी रोवायची, श्वास कधी सोडायचा ते करून दाखवलं. मी समोर टॉवेल वर धरून उभी. एक शब्द बोलायचा नाही अशी मी स्वतःलाच ताकीद दिली होती. माझ्यासारखीला ते डांगर कांद्याविना खाण्यापेक्षा अवघड गेलं.

त्या दिवशी आम्ही मलेशियाला हरवलं, नेपाळलाही हरवलं. मी टॉवेल वर धरला की आठ जणी एका अंगाच्या झाल्यासारख्या मागे रेलायच्या आणि सावकाश, न थांबता चालू लागायच्या. पायऱ्यांवरची माणसं आधी टॉवेल पाहून हसली, मग त्यांच्या घशातून तेर ओढताना निघतो तसला एक लांबलचक हुंकार निघायला लागला. इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातातला दुखापतीचा कागद मी पाहिलासुद्धा नाही.

अंतिम सामना समारोपाच्या दुपारी होता. समोर परत श्रीलंकाच.

मैदान माणसांनी गच्च भरलेलं. कालव्यापलीकडच्या गावांतून लोक मोपेडवर, सायकलींवर, मिळेल त्या बसनं आले होते. ढोल होते, नागस्वर होतं. आणि ते कॉफीच्या दुकानातले म्हातारेही होते. त्यांनी टॉवेल कमरेला घट्ट बांधून ठेवले होते, कारण सेल्वीनं सकाळी दुकानात जाऊन त्यांना काहीतरी सांगितलं होतं. काय ते तिनं मला सांगितलं नाही.

पहिली ओढ श्रीलंकेनं घेतली. आमची हरियाणावाली घसरली. दुसरी आम्ही घेतली, चालत चालत, आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. तिसऱ्या ओढीला मी टॉवेल पुन्हा वर धरला.

दोर ताणला गेला आणि जागीच थांबला. एकही बोट इकडे नाही, तिकडे नाही. सेल्वीच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या. अंबुजाक्का मागे इतकी रेललेली की तिचा गजरा जमिनीला टेकत होता. समोरच्या बायकाही अशाच. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. माझे खांदे पेटले होते, तरी टॉवेल खाली येऊ द्यायचा नव्हता, कारण तो खाली आला की पाच जणींचे हात सुटणार हे मला ठाऊक होतं. ओरडायला तोंड उघडलं आणि दात दाबून मिटलं.

मग अंबुजाक्काचा एक पाय मागे पडला. त्यामागून सेल्वीचा. मग आठही जणींचा. हुंकार सुरू झाला. दोर आमच्याकडे यायला लागला, पाऊल, पाऊल, पाऊल. लाल खूण रेषेवर आली, रेषा ओलांडून आली, पंचांची शिट्टी वाजली, लोक मैदानात घुसले, पांडुरंगराव बाकावर उड्या मारायला लागले.

आणि आमच्या बायका ओढतच राहिल्या.

मी तिथंच, दोन्ही हात वर, टॉवेल ताठ, डोळ्यांतून धारा. मला काही दिसतच नव्हतं. श्रीलंकेच्या बायकांनी हसत हसत प्रतिकार सोडला, तरी आमच्या आठ जणी त्यांना घेऊन निघाल्या त्या थेट मांडवापर्यंत, ताकाच्या टेबलापर्यंत. पंच शिट्ट्या मारत मागे धावत होते. शेवटी त्या इस्त्रीच्या गृहस्थांनीच माझे दोन्ही हात धरून खाली ओढले. टॉवेल पडला, हातांच्या आठ जोड्या सुटल्या आणि सोळा बायका ताकाच्या पिंपांवर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. श्रीलंकेची कॅप्टन अंबुजाक्काच्या गळ्यात पडून इतकी हसत होती की दोघींना उठवायला चार माणसं लागली.

पदकं द्यायच्या वेळी आठ जणी पहिल्या पायरीवर चढल्या. तळवे सोलून निघालेले, ट्रॅकपँटवर ताक, डोक्यात नव्यानं माळलेली फुलं. मी खाली उभी होते. कोचनं पायरीवर चढायचं नसतं असा नियम होता, आणि माझा गुडघाही आता गुडघा म्हणायच्या लायकीचा राहिला नव्हता. निवेदक यजमान देशाचं नाव घेत होता. तेवढ्यात अंबुजाक्का वाकली आणि तिनं माझ्यापुढे हात केला.

"टीचर, वर या."

"अहो नाही, नियम आहे. शिवाय मला चढवणार नाही."

"चढायचें कोण म्हणतें?" ती म्हणाली. "ओढायला आम्ही आहोंत कीं."

तिच्यामागून सेल्वीनं हात घातला, मग हरियाणानं, मग मिझोरमनं. झटका कुणीच दिला नाही. सावकाश, अंग मागे टाकून, आठ जणींनी मला उचलून वर घेतलं. इस्त्रीचे गृहस्थ पुढे झाले, थबकले आणि टाळ्या वाजवायला लागले. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी, जिला नुसतं हजर राहायला बोलावलं होतं ती, सगळ्यांत वरच्या पायरीवर दोघींच्या मध्ये ताठ उभी होते, आणि माझी एक चप्पल खालीच राहिली होती.